सिवर्टचा हंडा उतू जात नाही

"तीस वर्षांत एक थेंब नाही," सिवर्ट म्हणाला आणि त्याने फावडं जमिनीत रोवलं. "माझा हंडा उतू जात नाही. गेला नाही आणि जाणारही नाही."

हे बोलायची खरं तर काही गरज नव्हती. चर्चकडे जाणाऱ्या रस्त्याची गटारं साफ करायला सगळा गाव जमला होता, दर ऑक्टोबरात जमतो तसा, आणि काम थांबवून सगळे कॉफी पीत उभे होते. पण पुढच्या पंधरवड्यात सिवर्टच्या इंगुनचं लग्न होतं. आमच्या खोऱ्यात लग्नाची बिअर मुलीचा बाप घरच्या चुलीवर करतो. दुकानातून डबे आणून पाहुण्यांपुढे ठेवणाऱ्या बापाशी लोक बोलतात, पण हवापाण्याबद्दलच बोलतात. त्यामुळे सिवर्टला बिअरशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

"उतू जायला आधी हंडा भरावा लागतो," ओढ्यापलीकडचा टोर्गाइर म्हणाला. "तू अर्धा भरतोस आणि वर पराक्रम सांगतोस."

हा टोर्गाइर म्हणजे सिवर्टचा होणारा व्याही. त्याचा आयविन आणि सिवर्टची इंगुन गेली चार वर्षं एकत्र राहत होते, त्यांची पोरगी आता तीन वर्षांची होती, आणि तिलाच करवली व्हायचं होतं म्हणून लग्न चाललं होतं. पण व्याही होणार म्हणून तोंड सांभाळायचं, हे टोर्गाइरच्या रक्तात नव्हतं.

"अर्धा?" सिवर्टचे कान लाल झाले. "या खेपेला एकशेवीस माणूस आहे. वरच्या खिळ्यांपर्यंत भरणार. काठाखाली चार बोटं."

"मग जाणार उतू."

"नाही जाणार."

"पैज?"

"लाव."

अटी तिथेच ठरल्या. चूल पेटल्यापासून विझेपर्यंत बिअरचा एक थेंब जरी जमिनीवर पडला, तरी सिवर्टने लग्नात, सगळ्यांसमोर, बाकावर उभं राहून, दुकानातल्या बिअरचा डबा हातात धरून म्हणायचं, 'टोर्गाइर माझ्यापेक्षा चांगली बिअर करतो.' नाही पडला, तर टोर्गाइरने त्याच बाकावर उभं राहून लाकडी वाडगा, दोन लिटरचा, एका दमात रिकामा करायचा आणि म्हणायचं, 'सिवर्टसारखी बिअर या खोऱ्यात कुणाला जमत नाही.' पंच ब्योर्गआत्या. तिचं वय शहाऐंशी, ती दोघांचीही लांबची आत्या लागते, आणि चष्म्याशिवाय सुई ओवते.

घरी सिवर्टची बायको हेर्दिस हे ऐकून हातातला बटाटा सोलायचीच थांबली. "स्वतःच्या मुलीच्या लग्नाच्या बिअरवर पैज लावलीस?"

"मी नाही लावली. त्याने लावली."

"आणि तू काय केलंस?"

"मी फक्त लाव म्हटलं."

हेर्दिसने बटाटा असा सोलला की त्याचं लिंबू उरलं.

* * *

लग्नाच्या आधीच्या शनिवारी सकाळी सहाला सिवर्टने अंगणातल्या चुलीच्या खोपीत आग पेटवली. साखळीला टांगलेला तांब्याचा हंडा, आजोबांच्या वेळचा, दीडशे लिटरचा. त्यात जवाचा गोड रस, वरच्या खिळ्यांपर्यंत. हाताशी लाकडी वल्हं, थंड पाण्याची बादली, आणि फेस काढायचा मोठा डाव. तो डाव सिवर्टने कमरेच्या पट्ट्यात खोचला होता. खुंटीवर ठेवला तर टोर्गाइर लपवेल, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते चुकीचं नव्हतं.

सात वाजता टोर्गाइर आला. हातात बादली, बादलीत चाळलेली राख.

"ही कशाला?"

"पुरावा," म्हणत टोर्गाइरने चुलीभोवती फरशीवर राख पसरायला सुरुवात केली, रांगोळी घालावी तशी बारीक आणि सारखी. "थेंब पडला की राखेत खड्डा दिसेल. नाहीतर तू पायाने पुसशील आणि वर शपथा घेशील."

"माझ्या खोपीत मला चोर म्हणतोस?"

"अजून नाही. राख टाकून झाली की बघू."

ब्योर्गआत्या आली, भिंतीलगतच्या बाकावर मेंढीचं कातडं अंथरून बसली आणि म्हणाली, "भांडण झालं की उठवा." टोर्गाइरने तिपाई आगीजवळ ओढली, रबरी बूट काढून बाजूला ठेवले आणि मोजे घातलेले पाय उबेला पसरले. करडे मोजे, अंगठ्यापाशी लाल धागा. त्याची बायको तुरीद घरातल्या सगळ्या पुरुषांचे मोजे एकाच लोकरीचे विणते आणि ओळखायला प्रत्येकाच्या अंगठ्याला वेगळा रंग देते.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण टोर्गाइरचा सगळा डाव तिच्यावरच होता. हंड्याखाली आग असताना खोपीचा उंबरा जो ओलांडेल, त्याला आमच्याकडे जुन्या बिअरचा वाडगा द्यावा लागतो. तोही घरधन्याने स्वतःच्या हाताने, आणि पहिला घोट स्वतः घेऊन. बायकोने दिलेला चालत नाही, पोराने दिलेला चालत नाही. तहानलेला माणूस परत गेला तर नवी बिअर आंबते. हे खरं की खोटं कुणी तपासलेलं नाही, कारण तपासायची कुणाची हिंमत नाही. आणि जुनी बिअर असते तळघरात, अंगण ओलांडून चाळीस पावलांवर.

पण सिवर्टही काही कालचा नव्हता. त्याने आदल्या संध्याकाळीच दुधाच्या ॲल्युमिनियमच्या कॅनमध्ये दहा लिटर जुनी बिअर भरून कोपऱ्यात आणून ठेवली होती. टोर्गाइरने कॅन पाहिला. बाहेर जाऊन दोन फोन करून आला.

* * *

रस पहिल्या उकळीला येतो ती वेळ सगळ्यात वाईट. वर मळकट फेसाची गोधडी जमते, गुपचूप असते, आणि एका क्षणात सबंध गोधडीच उठून काठावर चढते. सिवर्ट डोळे न मिटता तिच्याकडे बघत उभा होता, एका हातात डाव, एका हातात वल्हं. गोधडी फुगायला लागली, आणि दारात पाद्रीबाई उभ्या राहिल्या.

"सिवर्ट, टोर्गाइरचा फोन आला होता. तू फार व्याकूळ आहेस म्हणाला."

"कोण व्याकूळ?"

"मुलगी जाणार म्हणून. होतं असं बापांचं. माझ्याशी बोल."

"पाद्रीबाई, ती चार वर्षांपूर्वीच गेली. तीन किलोमीटरवर राहते. रोज जेवायला येते."

"हे बघ, हा रागसुद्धा दुःखाचाच असतो," पाद्रीबाईंनी मऊ आवाजात सांगितलं आणि उंबरा ओलांडून आत आल्या.

ओलांडला म्हणजे वाडगा आला. सिवर्टने उजव्या हाताने फेस उपसला, डाव्या हाताने कॅनमधून वाडगा भरला, पहिला घोट घेतला, वाडगा बाईंच्या पुढे धरला आणि पायाने पाण्याची बादली जवळ ओढली. फेस काठाला लागला. त्याने ओंजळभर पाणी मारलं. फेस चार बोटं खाली बसला.

"मी गाडी चालवतेय, नुसते ओठ लावते," पाद्रीबाई म्हणाल्या. "आता मनात जे आहे ते बाहेर येऊ दे. अडवू नकोस."

"सकाळपासून मी अडवण्याचंच काम करतोय," सिवर्ट दात आवळून म्हणाला. तिपाईवर टोर्गाइर आगीकडे तोंड करून बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते.

पाद्रीबाई अर्ध्या तासाने गेल्या. जाताना त्यांनी टोर्गाइरला सांगितलं की परिस्थिती तू म्हणालास त्याहून नाजूक आहे.

"देवाच्या माणसालासुद्धा सोडलं नाहीस," सिवर्ट म्हणाला. "लाज वाटत नाही?"

"मी काळजीपोटी सांगितलं. तुझा चेहरा बघ आरशात."

उकळी स्थिरावली. मग बिअरला कडवटपणा देणारी हॉपची फुलं टाकायची वेळ आली. फुलं पडली की शांत झालेला रस पुन्हा पिसाळतो, म्हणून सिवर्ट ती चिमटी-चिमटीने टाकतो. पहिली मूठ हातात घेतली, तोच अंगणात आठ जोडी बूट वाजले आणि चर्चची गाणारी मंडळी, सगळी पुरुषमंडळी, एका रांगेत आत आली.

"लग्नातलं गाणं तुला आधी ऐकायचंय म्हणे," म्होरक्या म्हणाला.

"कुणी सांगितलं?" सिवर्टने विचारलं, उत्तर ठाऊक असताना.

आठ माणसं म्हणजे आठ वाडगे. ते काही ओठ लावणारे नव्हते. सिवर्टने एक चिमूट टाकली, एक वाडगा भरला, एक चिमूट टाकली, एक घोट घेतला. मंडळी चार आवाजांत गात होती, हंडा पाचव्या आवाजात खदखदत होता, आणि खालच्या सुरात सिवर्ट टोर्गाइरच्या सात पिढ्यांची नावं घेत होता. फेस दोनदा काठाला भिडला आणि दोनदा खाली गेला. गाणं संपलं तेव्हा सिवर्टच्या भुवया जळल्या होत्या, पण राख कोरी होती. आणि कॅन कोरडा.

"छान म्हणता," तो मंडळींना म्हणाला. "आता बाहेर जाऊन म्हणा."

ते गेले. तेवढ्यात बाकावरून आवाज आला, "मला कुणी विचारलं का?"

ब्योर्गआत्या जागी झाली होती. "सकाळपासून पंच म्हणून बसलेय. पाद्रीण पिऊन गेली, गाणारे पिऊन गेले. पंचाचा घसा काय लाकडाचा आहे?"

"आत्या, कॅन रिकामा झालाय. जरा थांब, तासाभरात..."

"माझ्या वयाला तास सांगतोस?"

सिवर्टने टोर्गाइरकडे पाहिलं. "ही पण तूच पढवलीस."

"देवाशपथ नाही," टोर्गाइर म्हणाला, आणि हे त्या दिवसातलं त्याचं पहिलं खरं वाक्य होतं.

सिवर्टने हंडा पाहिला. उकळी मंद होती, फेस विरला होता. त्याने एक लाकूड मागे ओढलं. पाच मिनिटं काही होणार नव्हतं. त्याने बिअरचा जग आणि पाण्याची रिकामी बादली उचलली, डाव कमरेला आहे ना ते चाचपलं, दारात वळून म्हणाला, "त्याच्यावर लक्ष ठेव, आत्या. हंड्याला हात लावला तर पैज मी जिंकली," आणि अंगणात पळाला.

* * *

आता तळघरातलं पिंप नेमकं तेव्हाच संपलेलं असावं, नव्या पिंपाची तोटी नेमकी तेव्हाच अडकावी, यात टोर्गाइरचा हात नव्हता. पण पुढे जे झालं ते मात्र त्याच्याच राखेमुळे.

दार उघडं राहिलं होतं. वारा आत शिरला आणि चुलीभोवतालची बारीक राख उडायला लागली.

"ही घाण बिअरमध्ये जाईल की," ब्योर्गआत्या रागावली. "कुठल्या शहाण्याने पसरलीय?" ती उठली, भिंतीला टेकवलेलं लाकडी झाकण उचललं आणि हंड्यावर चपखल बसवलं. बाजूला ओढलेलं लाकूड, थंडी वाजते म्हणून, आत सरकवलं. वर आणखी दोन कोरडी बर्चची लाकडं टाकली. आणि बाकावर जाऊन, कातडं गुडघ्यांवर घेऊन, झोपली.

उकळत्या हंड्यावर झाकण ठेवायचं नसतं हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. आत्यालाही ठाऊक होतं. पण रागापुढे ती विसरली.

टोर्गाइरने हे सगळं पाहिलं आणि तो तिपाईवर आरामात मागे रेलला. हंड्याला त्याने हात लावला नव्हता. करायचं काहीच नव्हतं. फक्त बसायचं होतं.

झाकण एकदा थरथरलं.

टोर्गाइरच्या डोळ्यांपुढे बाकावर उभा असलेला सिवर्ट आला, हातात डबा धरलेला. बरं वाटलं.

झाकण दुसऱ्यांदा थरथरलं आणि कडेने पांढरी जीभ बाहेर डोकावली.

मग त्याला तो डबा नीट दिसला. डब्याशेजारी आयविन दिसला, नवरदेवाच्या कपड्यांत, हातात तसलाच डबा. एकशेवीस पाहुणे दिसले, एकशेवीस डबे. आणि तुरीद दिसली. तुरीदचा चेहरा इतका स्पष्ट दिसला की टोर्गाइर मोज्यांवरच उभा राहिला.

"लग्न माझ्या पोराचं आहे, गाढवा," तो म्हणाला. हे त्याने स्वतःला सांगितलं की सिवर्टला, कोण जाणे. त्याने झाकण उडवलं. आतून फेसाचा डोंगर वर आला. डाव? डाव सिवर्टच्या कमरेला. पाण्याची बादली? ती सिवर्टने भरायला नेलेली. राखेची बादली? राखेने माखलेली. हाताला लागला तो एकच मोठ्या तोंडाचा जिन्नस. त्याचा उजवा बूट.

टोर्गाइरने बूट हंड्यात बुडवला आणि उपसला. रिकामा कॅन शेजारी ओढला, त्यात ओतला. पुन्हा बुडवला. एक बूट, दोन बूट, दहा बूट. मोज्यांवर राखेत इकडून तिकडे नाचत, फुंकर मारत, शिव्या घालत, पायाने जळती लाकडं मागे ढकलत. वीसएक बूट उपसल्यावर फेस एकदम थकला आणि खाली बसला.

खाली राखेत खड्डा नव्हता. टोर्गाइरने झाकण भिंतीला टेकवलं, कॅनवर बूच बसवून तो कोपऱ्यात सरकवला, दोन्ही बूट पायात घातले, आणि सिवर्ट दारात आला तेव्हा तो तिपाईवर बसून छताकडे बघत होता.

"तोटी अडकली होती," सिवर्ट धापा टाकत म्हणाला. हंड्याकडे धावला. रस काठाखाली, खिळ्यांच्या बराच खाली, शांत. "आत्या, काही सांडलं?"

आत्या जागी झाली, वाकून चुलीभोवती एक फेरी मारली. "एक थेंब नाही. सिवर्ट जिंकला. माझा वाडगा कुठे आहे?"

टोर्गाइर उठला. "जिंकलास तर जिंकलास. मी निघतो," म्हणून तो अंगणात उतरला. डावं पाऊल गुपचूप पडत होतं. उजवं पाऊल मात्र चपक, चपक करत होतं.

"तुझा एक बूट का वाजतोय?" सिवर्टने मागून विचारलं.

"पावसात भिजला."

"पाऊस मंगळवारी पडला होता."

"सावकाश वाळतो तो," टोर्गाइर म्हणाला आणि चपकत ओढ्यापार गेला.

सिवर्ट खोपीत आला. त्याने काठाच्या आतल्या बाजूचा चिकट पट्टा पाहिला, अगदी वरपर्यंत चढलेला. मग खाली राखेकडे पाहिलं. आत्या थेंब शोधत होती, म्हणून तिला थेंब नाही एवढंच दिसलं होतं. सिवर्टला मोज्यांच्या पावलांचे ठसे दिसले. तिपाईपासून हंड्यापर्यंत, मग हंड्यापाशीच पुढे-मागे, वीसदा, आणि हंड्यापासून कोपऱ्यापर्यंत कॅन सरकवल्याची रेघ.

तो कोपऱ्यात गेला. रिकामा कॅन त्याच्या हाताला जड लागला. त्याने बूच काढलं आणि आत पाहिलं. तीस वर्षं एक थेंब नाही, आणि तिसाव्या वर्षी वाचवलं कुणी, तर यानेच. हे सांगायचं कुणाला, आणि कुठल्या तोंडाने? त्याला जितका राग हरल्यावर आला नसता तितका जिंकल्यावर आला.

"काय झालं?" हेर्दिसने दारातून विचारलं.

"काही नाही," सिवर्ट म्हणाला. "खमीर आण. आणि जरा जास्त आण. एक छोटं पिंप वेगळं लावायचंय."

* * *

लग्न झालं. करवलीने अंगठ्या एकदा हरवल्या आणि सापडल्या. सभागृहात मटण वाढून झालं, भाषणं सुरू झाली, आणि बिअर उत्तम होती. असं सगळेच म्हणत होते, आमच्याकडे लोक असं सहजासहजी म्हणत नाहीत. फक्त नवऱ्याचा बाप घोट घेताना प्रत्येक वेळी ग्लास उजेडात धरून बघत होता. हंड्यात त्याचा बूट वीसदा बुडला होता, हे फक्त आपल्यालाच माहीत आहे असं त्याला वाटत होतं. नंतर तासभर उकळली आहे, असं तो मनाशी घोकत होता.

"पैज," मागून कुणीतरी ओरडलं, आणि सगळ्यांनी टेबलं वाजवायला घेतली.

टोर्गाइर हसत उठला आणि बाकावर चढला. नवा सूट, नवे काळे बूट. सिवर्टने भरलेला लाकडी वाडगा स्वतःच्या हाताने आणला, रिवाजाप्रमाणे पहिला घोट घेण्यासाठी ओठांना लावला, लावलेला दिसला, आणि वर दिला. एकशेवीस माणसं मोठ्याने आकडे मोजायला लागली. एकोणीसला वाडगा रिकामा झाला.

"सिवर्टसारखी बिअर," टोर्गाइरने मिशा पुसत, खणखणीत आवाजात सांगितलं, "या खोऱ्यात कुणाला जमत नाही."

टाळ्या पडल्या. तुरीदने डोळे पुसले. टोर्गाइर मात्र बाकावरच थांबला होता. त्याच्या दातांत काहीतरी अडकलं होतं. त्याने दोन बोटांनी ते ओढून काढलं आणि उजेडात धरलं. करडी लोकर, बोटभर, आणि तिच्यात गुंतलेला एक लाल धागा.

त्याने खाली पाहिलं. सिवर्ट बाकाला टेकून उभा होता.

"ही बिअर माझी नाही रे," सिवर्ट हळूच म्हणाला, फक्त त्याला ऐकू जाईल इतकं. "ही तुझीच. मी खमीर तेवढं घातलं. हंडा वाचवलास, त्याबद्दल आभार. आता एक सांग, डावा होता की उजवा?"

टोर्गाइरचा चेहरा संतापाने फुलला. एवढा उघड अन्याय त्याच्या आयुष्यात त्याच्यावर कुणी केला नव्हता. त्याने बोलायला तोंड उघडलं. समोर एकशेवीस माणसं होती, पाद्रीबाई होत्या, गाणारे आठ जण होते, तुरीद होती, आणि सगळ्यांच्या हातात भरलेले ग्लास होते. त्याने तोंड मिटलं.

"बघा, व्याह्यांना शब्द फुटेना," सिवर्ट मोठ्याने म्हणाला. "इतकी आवडली. त्यांच्यासाठी मी वेगळं पिंप ठेवलंय. अजून सहा लिटर आहे."

"आणखी एक," सभागृह म्हणालं आणि टेबलं पुन्हा वाजायला लागली.

घरधन्याने स्वतःच्या हाताने दिलेला वाडगा आमच्याकडे नाकारता येत नाही. टोर्गाइरने हात पुढे केला आणि म्हणाला, "उजवा."

सिवर्टने वाडगा काठोकाठ भरला. एक थेंब सांडला नाही.